व्रत कुणाचे, उपास कुणाला?

आमच्या एका स्नेह्यांची कन्या विवाहानंतर परदेशी स्थायिक झाली. पहिलटकरीण म्हणून पाचव्या महिन्यात ती वसईला माहेरी आली, तेव्हा योगायोगाने आम्ही त्या घरी दुपारच्या पंगतीला होतो. आजीने मोठ्या हौसेने पापलेटचे कालवण केले होते. नातीने वाटी हळूच बाजूला सारली आणि वरणभात कालवून घेतला. वरणावर तूपही घेतले नाही. गेली चार वर्षे ती आणि तिचे यजमान मांस, मासे, अंडी तर नाहीच, पण दूध, दही, तूप आणि मधही घेत नाहीत, हे घरच्यांना ठाऊक होते. परंतु गरोदरपणी तरी हा हट्ट सुटेल, अशी सर्वांची समजूत होती.

आजी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाळ, व्रत तुझं. पण उपास कुणाला घडतोय?"

नातही आजीचीच नात. तिने शांतपणे विचारले, "आजी, तू मला पहिला मासा भरवलास, तेव्हा मला विचारलं होतंस का?"

पंगतीत हशा पिकला आणि विषय तेथेच थांबला. आमच्या मनात मात्र तो थांबला नाही. आजीचा प्रश्न खरा होता, आणि नातीचे उत्तरही खोटे नव्हते. आज आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची मुले लंडन, टोरांटो, मेलबर्नला आहेत. मुंबई-पुण्यातही हा विचार रुजू लागला आहे. तेव्हा आज ना उद्या हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या जेवणाच्या टेबलावर येणार आहे. तो थट्टेने वा रागाने निकालात न काढता त्याचा नीट विचार करावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

ज्याला 'व्हीगन' आहार म्हणतात, ते नाव इंग्लंडमध्ये १९४४ साली रूढ झाले. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी दूध व अंडीही वर्ज्य मानणाऱ्यांची एक वेगळी संस्था काढली आणि आपल्या आचाराला हे नवे नाव दिले. प्राण्यांच्या दुःखावर आपले पोषण होऊ नये, ही त्यामागील मूळ भावना. ती भावना आपल्या श्रद्धेला परकी आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने मानवाला अन्न म्हणून नेमून दिली ती बीजधारी रोपे आणि झाडांची फळे. मांसाची मोकळीक नोहाला मिळाली ती जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास मुभा देतो, आणि त्याच वेळी त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला न शोभणारे ठरवतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या आपल्या परिपत्रकात सृष्टीला आपले समाईक घर म्हटले. तेव्हा मासा खाणे हे पाप नव्हे, आणि न खाणे हा वेडेपणाही नव्हे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात संत पॉल यांनी सर्व काही खाणाऱ्याला आणि केवळ भाजीपाला खाणाऱ्याला, दोघांनाही बजावले आहे की एकाने दुसऱ्याचा न्यायनिवाडा करू नये.

येथवर सारे सोपे आहे. प्रौढ मनुष्याने आपल्या ताटापुरता घेतलेला निर्णय त्याचा त्याला लखलाभ. प्रश्न उभा राहतो तो एका ताटात दोघे जेवू लागतात तेव्हा. गर्भाला स्वतःचे ताट नसते. अंगावर पिणाऱ्या बाळालाही नसते. त्यांना निवड करता येत नाही आणि तक्रारही करता येत नाही.

नातीच्या प्रत्युत्तराचा प्रथम विचार करू. मुलांवर काहीही लादू नये, असे म्हणणे आज लोकप्रिय आहे, परंतु ते खरे नाही. लादल्यावाचून मूल वाढवता येत नाही. आपण त्याला भाषा देतो, नाव देतो, स्नानसंस्कार देतो, आणि हे सारे त्याला न विचारता देतो. मासे खाणारे आईबाप आपल्या मुलाला मासेखाऊ करतात, तेव्हा तीही निवडच असते. केवळ शेजारीपाजारी तेच करीत असल्यामुळे ती निवड वाटत नाही, इतकेच. म्हणून व्हीगन आईबापांवर 'लादता' असा आरोप करण्याचा अधिकार आपल्याला नाही. खरा प्रश्न लादण्याचा नसून, जे लादले त्याची किंमत कोण मोजतो, हा आहे.

पवित्र बायबलमधील शास्ते या ग्रंथात दोन आईबापांच्या कथा एकमेकींच्या जवळ आहेत. अकराव्या अध्यायात इफ्ताह नवस करतो की, युद्धात जय मिळाला तर घराच्या दारातून जे प्रथम सामोरे येईल ते देवाला अर्पण करीन. सामोरी येते ती त्याची एकुलती एक मुलगी, डफ वाजवीत, नाचत. नवस बापाने केला आणि फेडला मात्र मुलीने. पुढे तेराव्या अध्यायात मानोहाच्या वांझ पत्नीला देवदूत सांगतो की, तुला पुत्र होईल, तो गर्भापासून नाजीर असेल, म्हणून तू द्राक्षारस पिऊ नको आणि अशुद्ध काही खाऊ नको. येथेही आईच्या आहाराला बंधन आहे आणि व्रत गर्भापासूनचे आहे. मग दोहोंत फरक कोणता? देवदूताचा निरोप पत्नीने मानोहाला सांगितला, तेव्हा त्याने देवाची प्रार्थना केली की, त्या माणसाला पुन्हा पाठव आणि जन्माला येणाऱ्या मुलाचे आम्ही काय करावे ते आम्हांला शिकव. व्रत काय ते त्याला कळले होते, तरीही त्याला शिकायचे होते. इफ्ताहाने नवसापूर्वी कोणाला काही विचारले नाही आणि नवसानंतरही नाही. आमच्या मते या साऱ्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. दुसऱ्याच्या देहावर ज्या व्रताचा भार पडतो, ते व्रत शिकल्यावाचून धरणे म्हणजे प्रेमात कुचराई करणे होय.

मग शिकायचे काय? या विद्येचा एक धडा आपल्याच मुंबईत लिहिला गेला आहे. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी जो घातक पांडुरोग जडे, त्याचे कारण त्यांनी शोधले. हा रोग जंतूंचा नसून आहारातील उणिवेचा आहे आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखले गेले. आज प्रत्येक गरोदर स्त्रीला लोहाबरोबर त्याची गोळी मिळते, त्यामागे मुंबईच्या त्या अनाम गिरणी कामगार स्त्रियांचे ऋण आहे.

फॉलिक अॅसिड हिरव्या पालेभाज्यांत आणि कडधान्यांत भरपूर असते. शाकाहारी आईला त्याची वाण सहसा पडत नाही. वाण पडते ती १९४८ साली शुद्ध स्वरूपात हाती आलेल्या बी-१२ या जीवनसत्त्वाची. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती बनवीत नाही आणि कोणताही प्राणीही बनवीत नाही. ते बनवतात सूक्ष्म जीवाणू, आणि प्राण्यांच्या देहातून ते मांस, मासे, अंडी व दुधात उतरते. भाजीपाला, इडलीचे आंबवलेले पीठ किंवा शेवाळाच्या गोळ्या यांच्यावर त्यासाठी विसंबता येत नाही. गरज किती, तर अमेरिकी मानकांनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २.४, गर्भवतीला २.६ आणि अंगावर पाजणाऱ्या मातेला २.८ मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्या अल्प अंशावर बाळाचा मेंदू आणि मज्जातंतू अवलंबून असतात.

या उणिवेचे लक्षण असे की ती आईला चटकन कळत नाही. प्रौढाच्या यकृतात बी-१२चा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो. बाळाजवळ असा साठा नसतो. त्याला आईकडून मिळेल तेच मिळते. त्यातही फॉलिक अॅसिड भरपूर असेल तर रक्ताचे चित्र सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. १९६२ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अशा तान्ह्या बाळांचे वर्णन 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ही बाळे आईच्या दुधावर होती आणि त्या मातांच्याच अंगी बी-१२ची उणीव होती. बाळे निस्तेज झाली, शिकलेल्या हालचाली विसरू लागली, त्वचा काळवंडली, हातपाय थरथरू लागले. बी-१२ दिल्यावर त्यांच्यात सुधारणा झाली. परंतु उपचाराला फार उशीर झाला तर काही हानी कायमची राहू शकते, हे आज वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे.

हा धोका केवळ परदेशी विचारांच्या तरुणींना आहे, असेही कोणी समजू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. त्या गरोदर स्त्रियांपैकी सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांत बी-१२ कमी आढळले. त्या काही व्हीगन नव्हत्या. दूध त्यांना वर्ज्य नव्हते, पण ते ताटात फारसे पडत नव्हते.

याचा अर्थ व्हीगन आहारावर निरोगी बाळ होऊच शकत नाही, असा नव्हे. बी-१२ची गोळी जीवाणूंपासूनच तयार होते, म्हणून ती घेण्यात व्रतभंग नाही. गर्भधारणेपूर्वीपासून ती नियमाने घ्यावी, मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी आणि रक्त तपासत राहावे. बाकीच्या गरजांना आपले स्वयंपाकघर अपुरे नाही. लोहासाठी आळीव, कडधान्ये आणि पालेभाज्या आहेत, आणि त्यांवर लिंबू पिळले तर ते लोह अंगी अधिक लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी लागते. मात्र गरोदरपणी केवळ अन्नातील लोह बहुधा पुरत नाही, म्हणून सरकारी दवाखान्यातून मिळणारी साठ मिलिग्रॅम लोहाची गोळी टाळू नये. कॅल्शियमसाठी नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. वाल, चवळी, मसूर भिजवून, मोड आणून खाल्ले तर त्यांतील जस्त व लोह पचनी पडणे सुकर होते. मासळी आणि दूध वगळल्यावर आयोडिनाची उणीव पडू नये, म्हणून मीठ आयोडिनयुक्तच असावे. मासळीतील जो स्निग्धांश बाळाच्या मेंदूला हितकर असतो, तो डी.एच.ए. मूळचा समुद्रातील शैवालाचा, आणि शैवालापासून काढलेले त्याचे तेल आता मिळते. ड जीवनसत्त्वाबाबतही डॉक्टरांना विचारावे.

बाळ जन्मल्यावर पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत व त्यानंतरही ते चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. व्हीगन आईलाही हे दूध वर्ज्य नाही, कारण ते कोणाकडून हिरावून घेतलेले नसून आईने आपल्या खुशीने दिलेले असते. एखादीला दूध आलेच नाही तर तान्ह्या बाळांसाठी शास्त्रशुद्ध तयार केलेले सोयाबीनचे दूध डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येते. तांदळाचे, बदामाचे किंवा नारळाचे घरगुती दूध मात्र त्याची जागा घेऊ शकत नाही. २०१७ साली बेल्जियममधील न्यायालयाने एका जोडप्याला आपल्या सात महिन्यांच्या बालकाच्या मृत्यूबद्दल दोषी ठरवले. त्यांनी बाळाला अशाच धान्यांच्या दुधांवर वाढवले होते आणि ते खंगत असता वेळीच रुग्णालयात नेले नव्हते. त्या आईबापांचे आपल्या बाळावर प्रेम नव्हते, असे आम्ही म्हणणार नाही. प्रेम होते आणि शिकण्याची तयारी नव्हती, म्हणून तर ही कथा इतकी दारुण आहे.

तज्ज्ञांचेही याबाबत एकमत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली, नीट आखलेला व्हीगन आहार गरोदरपणी आणि बालपणीही योग्य ठरतो, असा निर्वाळा दिला होता. तिच्या २०२५ सालच्या नव्या निवेदनात केवळ प्रौढांचा विचार आहे, आणि गरोदर व स्तनदा माता त्यातून वगळल्या आहेत. जर्मनीच्या पोषण संस्थेने २०१६ साली माता व बालकांना हा आहार नको म्हटले. २०२४ साली मात्र तिने बाजूने वा विरोधात स्पष्ट शिफारस करण्याचे टाळले. जेथे जाणतेही सावध बोलतात, तेथे आईबापांनी तरी छातीठोकपणे का बोलावे?

येथे आम्हांस दानीएलची आठवण होते. राजाच्या पक्वान्नांचा विटाळ नको म्हणून त्याने आणि त्याच्या तीन सोबत्यांनी शाकान्न व पाणी मागितले, ही कथा शाकाहाराच्या समर्थनार्थ नेहमी सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. दानीएलने कारभाऱ्याला दहा दिवसांची मुदत दिली, मग आमचे चेहरे इतर तरुणांच्या चेहऱ्यांशी ताडून पाहा म्हटले, आणि जे दिसेल त्याप्रमाणे वागा असे सांगितले. त्याची श्रद्धा परीक्षेला भ्याली नाही. बाळाचे वजन व उंची नोंदवण्याचा तक्ता, रक्ताची तपासणी, डॉक्टरांची भेट, हे आपले दहा दिवस होत. आणि त्या परीक्षेत बाळ उणे ठरले, गोळ्या-औषधांनीही उणीव भरून निघेना, तर व्रताने माघार घ्यावी. ही माघार पराभव नव्हे. आपली ख्रिस्तसभा हेच करीत आली आहे. १९८३ सालच्या धर्मसभेच्या कायद्यानुसार मांसवर्ज्याचा नियम लागू होतो तो वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर, आणि उपवासाचा नियम प्रौढ झाल्यावर. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना उपवासातून सूट देण्याची प्रथा तर फार जुनी आहे. सबंध ख्रिस्तसभा ज्या तान्ह्यावर शुक्रवारचा भार टाकीत नाही, त्याच्यावर आपल्या खाजगी व्रताचा भार टाकताना आपला हात थोडा थरथरला पाहिजे.

हाच न्याय मूल मोठे झाल्यावरही लागू आहे. सात वर्षांची मुलगी शेजारच्या वाढदिवसाला केकचा तुकडा खाऊन आली, तर तिला कारण समजावून सांगावे, पण 'तू पाप केलेस' असे म्हणू नये. जे पाप नाही त्याला पाप म्हटल्याने करुणा शिकवली जात नाही, भीती तेवढी शिकवली जाते. कोंबडीच्या पिलाला दुखते हे मुलाला कळावे, आणि आजीच्या ताटात मासा आहे म्हणून आजी दुष्ट ठरत नाही, हेही कळावे. पुढे जाणत्या वयात ते आपला निर्णय करील. आईबापांना तो मान्य नसला तरी त्यांनी त्याचा आदर करावा.

आता आजी-आजोबांच्या बाजूचेही बोलले पाहिजे. नातवाला गुपचूप अंडे भरवावे आणि सुनेला कळू देऊ नये, असा सल्ला आम्ही कानांनी ऐकला आहे. हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण ती लबाडी आहे, आणि आईवरचा विश्वास उडालेले मूल कोणत्याच अन्नाने धष्टपुष्ट होत नाही. चिंता असेल तर ती समोर बोलावी आणि डॉक्टरांकडे बरोबर जावे. शिवाय, आपण मासे खाणारी माणसे म्हणून आपल्या घरच्या गरोदर स्त्रिया सुखरूप आहेत, या भ्रमातही राहू नये. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना पांडुरोग होता. ज्या घरात सून सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी जेवते आणि तिच्या वाटणीला कालवणाचा नुसता रस्सा उरतो, त्या घरानेही पोटातल्या बाळाला न विचारता उपास घडवलेलाच असतो. त्या उपासाला व्रताचे नावही नसते. व्हीगन सुनेची झाडाझडती घेण्याआधी आपण आपले वाढप तपासावे.

त्या स्नेह्यांच्या घरी पुढे काय घडले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. आजीच्या प्रश्नाने नात अस्वस्थ झाली होती. दुसऱ्याच आठवड्यात तिने रक्त तपासून घेतले. बी-१२ कमी निघाले. परदेशात ती गोळी घेत असे, पण प्रवासाच्या आणि डोहाळ्यांच्या धांदलीत ती बंद पडली होती. डॉक्टरांनी उपचार सुरू केले. आजीने मुशीच्या कालवणाचा बेत सोडला आणि गूळ व नारळाचा रस घालून, तुपावाचून, आळिवाची खीर करून दिली. बाळ आज तीन वर्षांचे आहे, अंगापिंडाने चांगले आहे, आणि त्याच्या वाढीचा तक्ता आजीच्या कपाटात प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी ठेवलेला आहे. आजी अजून मासे खाते. नात अजून खात नाही.

त्या दुपारी दोघींनी एकमेकींना जे विचारले, त्याला कोणीच पुरते उत्तर देऊ शकणार नाही. परंतु तो प्रश्न मनात जागा ठेवणाऱ्या घरात बाळ सुरक्षित असते, असे आम्हांस वाटते. मानोहाप्रमाणे आपल्यालाही वेळोवेळी देवाला, डॉक्टरांना, घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि पुढे त्या मुलालाही विचारत राहावे लागेल की, आम्ही या बाळाचे काय करावे ते आम्हांला शिकवा.